बंद इंजिनाचा दाब

दादा, काल तुझं तेरावं झालं. मंडपात माणूस मावत नव्हता. जो तो माझ्याजवळ येऊन सांगत होता की संजू म्हणजे देवमाणूस, कुणाशी कधी वाकडं बोलला नाही, हातात जादू होती त्याच्या. मी मान हलवत होते आणि मनात म्हणत होते, साफ खोटं. एका माणसाशी बोललाय वाकडं, आणि ते माणूस तुमच्यासमोर उभं आहे. हातातल्या जादूबद्दल माझं काही म्हणणं नाही, पण डोक्यात दगड होता त्याच्या. हे तिथे म्हणता येईना, म्हणून आज तुला लिहितेय. राग आला तर येऊ दे. मलाही आलाय, आणि माझा दिवाळीच्या आधीपासूनचा आहे.

सुरुवात त्या नेरळच्या अनिकेतपासून करू, कारण भांडण त्याच्याच गाडीवरून झालं. नवीन वसाहतीत राहणारा, चष्मेवाला, बोलायला गोड. जुनी लाल पेट्रोल गाडी घेऊन तो कर्जतच्या दहिवलीला तुझ्या गॅरेजात आला आणि म्हणाला, हिला टर्बो बसवा, मला बोरघाट तिसऱ्या गिअरवर चढायचाय. दुसरा कुणी असता तर हसला असता. तुझे डोळे चमकले. "शेठ," तू त्याला समजावलंस, "टर्बो म्हंजे काय, तर हवा कोंबायची. इंजिन सोताच्या छातीनं जेवडी हवा घेतं, त्याच्यावर अजून कोंबायची. पन जेवडी हवा कोंबाल तेवडं पेट्रोल वाढवायला लागतं. नायतर आतमंदी भट्टी पेटते, पिस्टन इतळतो." इतकं स्वच्छ मला डिप्लोमाच्या वर्गात कुणी समजावलं नव्हतं. म्हणून तर कळत नाही, एवढं समजणारा माणूस पुढचं एक पाऊल का चुकला.

जास्तीचं पेट्रोल देणारा छोटा कंट्रोल बॉक्स तू मागवलास. हवा किती कोंबली गेली हे त्या बॉक्सला सांगणारा सेन्सर निवडायचं काम तू माझ्यावर सोपवलंस. मी खोपोलीच्या कारखान्यात पंधरा वर्षं दाबाचे मीटर तपासते, दुसरं काही करत नाही. "वैशे, ह्ये तुजं काम," तू म्हणालास तेव्हा मला किती बरं वाटलं होतं, ते तुला कधी सांगितलं नाही. आता सांगून काय उपयोग.

मी तो सेन्सर चार दिवस विचार करून निवडला. टर्बो कोंबणार आठ दशांश बार. आपल्या सगळ्यांच्या अंगावर असलेली मोकळी हवा, तिचा दाब साधारण एक बार. झाले एक पूर्णांक आठ दशांश. घाटात पाय जोरात दाबला की त्याच्याही वर उसळी येणार, म्हणजे दोन बारचा सेन्सर काठोकाठ भरणार. काठावर पोचला की पुढचं त्याला दिसत नाही, आणि नेमकं तिथेच इंजिनाला पेट्रोलाची गरज सगळ्यात जास्त. म्हणून तीन बारचा घेतला. इंजिनाची धग सोसणारा, पेट्रोलच्या वाफेनं न बिघडणारा. आत तेल साचू नये म्हणून नळी उंचावर, तोंड खाली करून बसवली. तू शेजारी उभा राहून बघत होतास आणि दोनदा म्हणालास, "आट दशांशला तीनचा कशाला गं? चड्डी शिवायला तंबूचं कापड." मी हसले. तेव्हा आपण हसत होतो.

मग मी लॅपटॉप जोडला, चावी फिरवली, इंजिन सुरू न करता. पडद्यावर आकडा आला: एक.

"वैशे, इंजिन बंद हाय ना?"

"बंद आहे."

"मग ह्यो एक कुटनं आला?"

"हवेचा आहे, दादा. बाहेरच्या हवेचा. आपल्या सगळ्यांवर आहे तो."

"माज्यावर नाय हाय." तू छाती पुढे काढून दाखवलीस. "सेन्सर खराब हाय तुजा. परत कर."

तू असं का म्हणालास ते मला त्याच क्षणी कळलं होतं, आणि म्हणूनच मी तेव्हा चिडले नाही. आपण दोघं अण्णांच्या पंक्चरच्या दुकानात वाढलो. सकाळी शटर वर गेलं की आधी अगरबत्ती नाही, आधी मीटर. कंप्रेसरचा, टायरचा, ग्रीसच्या गनचा. अण्णा प्रत्येक काचेवर नखानं टिचकी मारायचे आणि काटा शून्यावर आहे का बघायचे. काटा जरा जरी पुढे दिसला तर तो मीटर त्या दिवशी खिळ्याला उलटा टांगला जायचा. बसल्या जागी आकडा दाखवतो तो खोटारडा, हे अण्णांचं म्हणणं, आणि ते आपल्याला अक्षरं यायच्या आधी पाठ झालं. अण्णा गेल्यावर तूही तेच करत राहिलास. अगदी आजारी पडायच्या दिवशीसुद्धा केलं असशील. अण्णा चुकीचे नव्हते. त्यांच्या मीटरवर बाहेरची हवा आधीच वजा करून शून्य लिहिलेला असतो. माझा सेन्सर वजा करत नाही, आणि त्या बॉक्सला वजा न केलेलाच आकडा लागतो. एवढंच होतं. दोन ओळींचं होतं.

तुला पटवायला मी काय नाही केलं! रविवारी लोणावळ्याला गेले, पाण्याची रिकामी बाटली वर घाटमाथ्यावर बूच लावून घट्ट बंद केली आणि खाली खोपोलीला आणली. खाली येईपर्यंत तिची गालफडं आत गेली. ती तशीच तुझ्या टेबलावर आणून ठेवली. म्हटलं, बघ, वर हवा हलकी, खाली जड, कुणी दाबली ही बाटली? तू ती उलटसुलट केलीस, बोटानं चेपून बघितलीस.

"बाटली पातळ हाय," तू म्हणालास.

मी कपाळावर हात मारला. वहिनी चहा घेऊन आली होती, तीही हसायला लागली. मला वाटलं, उद्या परत समजावू. तुझ्याशी वाद म्हणजे आठवडाभराचं काम, हे मला लहानपणापासून माहीत. वाद चालू आहे असं मी धरून चालले होते. तो तू तुझ्यापुरता संपवून टाकलास आणि मला कळवलंही नाहीस.

शनिवारी मी पहिल्या पाळीला होते. तू माझा सेन्सर काढलास आणि कंप्रेसरच्या टाकीवर लावतात तसला, बसल्या जागी शून्य दाखवणारा, दोन बारचा बसवलास. त्याच्या लेबलवरचे आकडे लॅपटॉपात भरलेस. पडद्यावर शून्य आला आणि तुझा जीव थंड झाला असणार. मग अनिकेतला शेजारी बसवून निघालास. कर्जत ते पळसदरी गाडी छान गेली, कारण सपाटीला टर्बोला कामच नव्हतं. खोपोली ओलांडून घाट सुरू झाला, टर्बोनं हवा कोंबायला सुरुवात केली, आणि बॉक्सला वाटलं अजून काहीच भरलेलं नाही. आठ दशांशची कोंबलेली हवा त्याला मोकळ्या हवेपेक्षाही कमी दिसली. पेट्रोलचा एक थेंब जास्तीचा गेला नाही. तू स्वतः सांगितलेली भट्टी तू स्वतः पेटवलीस.

पाळी सुटताना गाडी घाटात अडकल्याचं कळलं आणि मी फॅक्टरीच्या गेटातून रिक्षानं थेट तिथे आले. बॉनेटमधून धूर, रस्त्यावर तेल, क्रेनवाला दोर बांधतोय. अनिकेत पांढराफटक. आणि तू, माझा मोठा भाऊ, माझ्याकडे न बघता त्याला म्हणालास, "शेठ, सेन्सरनं घात केला. हिनं निवडलेला." क्रेनवाल्यानं माझ्याकडे वळून बघितलं. तो आपल्या दुकानात टायर भरायला यायचा, मला फ्रॉकमध्ये बघितलेला माणूस.

त्यानंतरचे दोन दिवस मी तुला कधीच माफ करणार नाही. गाडी अजून झाकलेली होती, मला काही माहीत नव्हतं. मला वाटलं, खरंच माझं चुकलं. मी सगळी गणितं परत मांडली. सेन्सरचा कागद इतक्यांदा वाचला की पाठ झाला. जेवण जाईना. फॅक्टरीत एका मीटरवर सही करताना माझा हात थांबला. पंधरा वर्षांत पहिल्यांदा मी शेजारच्याला म्हटलं, जरा तू बघ रे. आणि तू दोन दिवस गप्प बसलास. तुला माहीत होतं आत काय बसवलंय. एक फोन करायचा होतास. "वैशे, तुजा नव्हता तो," एवढंच.

तिसऱ्या दिवशी मी येऊन बॉनेट उघडलं. माझ्या उंचावर बसवलेल्या नळीला तो टाकीवरचा सेन्सर लोंबत होता. मी तुला हाक मारली. तू हात पुसत आलास, बघितलंस, आणि म्हणालास, "तुजा खराब होता म्हनून बदलला."

"मग अनिकेतला सांग. आत्ता फोन लाव आणि सांग की इंजिन जळलं तेव्हा सेन्सर माझा नव्हता."

"आता झालं ना? घरातलं भायेर कशाला काढतेस? गॅरेज माज्या नावावर हाय, मला हितं धंदा करायचाय. तुला काय, तुजी नोकरी हाय. बाईमानूस तू, तुला कोन काय बोलनार?"

बोलले, दादा. सगळे बोलले. तुझ्या गॅरेजच्या बाजूची खोली रिकामी करून मी तिथे सेन्सर आणि स्कॅनरचं काम सुरू करणार होते, हे तूच चार लोकांत सांगून बसला होतास. तेच चार लोक आता ड्रायव्हरांना सांगू लागले की ताईला दाखवू नका, ताईच्या नादानं इंजिन गेलं. एकानं तर माझ्या तोंडावर विचारलं, फॅक्टरीतले मीटर पण असेच बघता का हो? माझ्याकडे नावाशिवाय दुसरं काय होतं? तुझ्याकडे हात होते, शटर होतं, अण्णांची गादी होती. मी नुसत्या नावावर उभी होते, आणि ते तू रस्त्यात, क्रेनवाल्यासमोर, टाकून दिलंस. भाऊबीजेला मी आले नाही. तूही आला नाहीस. वहिनीनं फराळाचा डबा पाठवला, तो मी परत केला. त्याचं मात्र मला वाईट वाटतं.

आणि वाईट वाटतं म्हणूनच जास्त संताप येतो. कारण हे नाव मला दिलं कुणी? तूच. अण्णांना मला शिवणाच्या क्लासला घालायचं होतं. तू पाना आपटून म्हणाला होतास, "तिला मीटर कळतात. कापडं नाय कळत. तिला डिप्लोमाला टाका." दोन दिवस जेवला नाहीस. नोकरी लागली तेव्हा पहिल्या पाळीला रिक्षा मिळायची नाही, तर सहा महिने तू मला पहाटे बाईकवर खोपोलीला सोडलंस. मी गेटातून आत जाईपर्यंत बाईक बंद करून थांबायचास. एकदा सुरक्षारक्षकानं तुला हटकलं तर त्याला म्हणालास, "भन हाय माजी, साहेब हाय तुमची." त्या वेळी मी नुसती शिकाऊ होते. असा भाऊ मला होता. मग घाटात तो कोण उभा होता?

तुझा ताप तू अंगावर काढलास, हेही तुझंच. या पावसात दहा दिवस गाडीखाली पडून काम केलंस, गोळी घेतलीस, परत गाडीखाली. पनवेलला हॉस्पिटलात नेल्यावर चौथ्या दिवशी वहिनीनं मला कळवलं. मी आले तेव्हा तुझ्या तोंडात नळी होती. डोळे उघडे होते. मी वाटेत सगळं ठरवून आले होते, कुठून सुरुवात करायची, काय काय ऐकवायचं. तुला तसं बघितलं आणि म्हटलं, जाऊ दे, बरा झाला की घरी भांडू. मी तुला खोपोलीच्या रस्त्यावरच्या खड्ड्यांबद्दल सांगत बसले. तू दोन दिवसांनी गेलास.

अकराव्या दिवशी वहिनी म्हणाली, "वैशाली, त्या नेरळवाल्याची गाडी तयार हाय, उभी हाय. ह्यांनी सगळं इंजिन नव्यानं बांधलंय. तेवडी एकदा बघून देऊन टाक गं." मी बॉनेट उघडलं. काय काम केलं होतंस! नवा पिस्टन, प्रत्येक नट पुसलेला, नळ्या एका रेषेत. आणि माझ्या त्या नळीला पुन्हा तोच. बसल्या जागी शून्य दाखवणारा. आठ महिन्यांत तुझ्या डोक्यात काडीइतका फरक पडला नव्हता. मी त्या गाडीच्या चाकाला लाथ मारली. सुतकात, पांढऱ्या साडीत. वहिनीनं बघितलं.

माझा सेन्सर तुझ्या टेबलाच्या खणात कापडात गुंडाळलेला सापडला. तो बसवला, आकडे भरले. बाराव्या दिवशी गाडी काढली आणि घाटात नेली, एकटीनं. दोन वळणं तिसऱ्या गिअरवर चढवली, पाय पूर्ण दाबून. ती अशी गेली, दादा, की मी रागानं आणि आनंदानं एकदमच ओरडले. खाली आल्यावर वहिनी दारात. "लोक काय म्हनतील? भावाचं तेरावं झालं नाय आनि बाई गाडी पळवते!"

"वहिनी, उद्या अनिकेतला मी खरं सांगणार आहे. दादानं सेन्सर बदलला होता म्हणून."

ती खालीच बसली. "आता गेलेल्या मानसाचं काय काडतेस? एक दिवस थांब. जेवनं होऊ दे. चार मानसं त्यांना चांगलं म्हनतायत, म्हनू दे."

मी रात्रभर तिचं म्हणणं तोलून बघितलं. तिचं चुकीचं नव्हतं. पण एक दिवस थांबले असते तर मग दुसरा, मग वर्षश्राद्ध, आणि मग मी ती गोष्ट घेऊनच मेले असते, इंजिन जाळणारी ताई म्हणून. तुझं नाव सांभाळायला शंभर माणसं होती. माझं सांभाळायला मी एकटी.

काल अनिकेत पंगतीत बसला होता. मी वाढायचं टोपलं खाली ठेवलं आणि त्याच्यासमोर उभी राहिले. आजूबाजूला सगळी तीच माणसं, क्रेनवालासुद्धा. मी मोठ्यानं म्हटलं, "तुमचं इंजिन जळलं तेव्हा त्यात माझा सेन्सर नव्हता. दादानं तो काढून दुसरा लावला होता. चूक त्याची होती." वहिनीनं पदर तोंडाला लावला.

अनिकेतनं घास खाली ठेवला. "ताई, सेन्सर बदलला होता हे मला माहीत नव्हतं," तो म्हणाला. "पण दादांना पनवेलला नेत होते ना, तेव्हा गाडीतून त्यांचा फोन आला होता. धाप लागली होती. म्हणाले, शेठ, वैशालीचा हात लागल्याबिगर गाडी नेऊ नका. सेन्सर तिच्या मनाचा बसू द्या, माझं ऐकू नका. मला वाटलं, तुम्हालाही बोलले असतील."

फोन त्याला केलास. नेरळच्या परक्या माणसाला. धाप लागलेली असताना, त्याचा नंबर शोधून, तीन वाक्यं बोललास. पटलं तर तुला नव्हतंच, मरेपर्यंत पटलं नव्हतं, तरी तू गाडी माझ्या हातात देऊन गेलास, आणि हे सगळ्या जगात फक्त मला सांगितलं नाहीस. मग मला काय झालं ते माहीत नाही. तुझा फोटो समोर होता, हार घातलेला. मी त्याच्याकडे बघून ओरडले, "मला का नाय केलास रं फोन? दादा, मला का नाय केलास?" एकदा नाही, कितीतरी वेळा. बायकांनी मला धरून बाहेर नेलं, पाणी पाजलं. एकमेकींना म्हणत होत्या, रडू द्या तिला, मोकळी होईल. मी तुझ्याशी भांडत होते, दादा, आणि आयुष्यात पहिल्यांदा तू उलट काही बोलला नाहीस.